‘स्नोड अंडर’ म्हणजे बर्फ नव्हे: एका डिसेंबरचं प्रकरण

पुढचं सगळं एका मेसेजमुळे घडलं, म्हणून आधी तो मेसेज.

‘वी आर स्नोड अंडर हिअर, सो लेट्स रॅप अप बाय द ट्वेंटिएथ अँड पुट द रेस्ट ऑन आइस टिल द न्यू इयर. बिट पार्की इन द ऑफिस टू, द हीटिंग्ज पॅक्ट अप.’

लिहिणारा इंग्लंडच्या उत्तर भागातल्या एका कंपनीत हिशेब विभागाचा मॅनेजर. वाचणारी माझी इंग्रजीची विद्यार्थिनी. ती घरी बसून त्या कंपनीच्या पुरवठादारांची खाती सांभाळते. इन्व्हॉइस नोंदवायची, स्टेटमेंटशी ताळमेळ घालायचा, फरक आला की शोधायचा. तिशीतली, कामात चोख, व्याकरणात बऱ्यापैकी. माझ्याकडे ती बोलण्यातला संकोच जावा म्हणून आली होती आणि तो दोन-तीन महिन्यांत बराचसा गेलाही होता.

मेसेज गुरुवारी संध्याकाळी आला. तिने लगेच उत्तर दिलं: ‘सो सॉरी टू हिअर अबाउट द स्नो. प्लीज स्टे वॉर्म. आय होप द रोड्स क्लिअर सून. आय विल वेट.’

मॅनेजरने त्यावर नुसता अंगठा टाकला. बाई गमतीशीर आहेत, असं त्याला वाटलं असणार. इकडे हिने त्या अंगठ्याला परवानगी समजून काम बाजूला ठेवलं. शुक्रवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी दुपारी त्याने विचारलं, ताळमेळ कुठवर आला? हिने प्रामाणिकपणे लिहिलं की बर्फ कमी व्हायची वाट पाहतेय. त्याचं उत्तर आलं: ‘व्हॉट स्नो? नो स्नो हिअर, वर्स लक!’

मग तिने मला अख्खा संवाद पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली: “मॅडम, ‘वर्स लक’ म्हणजे माझं काही खरं नाही ना?”

तिने काय वाचलं

त्या रात्री फोनवर मी तिला एवढंच म्हटलं, “मेसेज वाचून तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहिलं ते सांगा. बरोबर-चूक नंतर बघू.”

तिने सांगितलेलं चित्र असं. ऑफिस बर्फाखाली गेलंय. ‘स्नोड अंडर’मध्ये स्नो आहे आणि अंडर आहे, मग दुसरं काय असणार? लोक शाली-स्वेटर गुंडाळून बसलेत, कारण ‘रॅप अप’. थोडं काम बर्फामुळे पुढे ढकललंय, कारण ‘ऑन आइस’. ‘पार्की’ म्हणजे पार्किंगचं काहीतरी, गाड्या अडकल्या असतील. आणि ‘पॅक्ट अप’ म्हणजे सामान बांधून मंडळी घरी निघाली.

मला हसू आलं, पण ते लगेच विरलं. या चित्रात एकही फट नव्हती. प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दाला टेकू देत होता. अर्थ लागला नाही तर माणूस विचारतो, शब्दकोश उघडतो. चुकीचा अर्थ इतका सुरेख जुळून आला तर विचारायचं कशाला? ती बेफिकीर नव्हती, उलट तिने सगळा मेसेज नीट लावून वाचला होता.

मेसेजचा खरा अर्थ: आम्ही कामात गळ्यापर्यंत बुडालोय, तेव्हा वीस तारखेपर्यंत हे आवरून घेऊ आणि उरलेलं नव्या वर्षापर्यंत बासनात गुंडाळून ठेवू. ऑफिसात जरा गारठाही आहे, हीटिंग बंद पडलंय.

म्हणजे ज्या तीन शब्दांत बर्फ आणि पांघरूण दिसत होतं त्यांचा हवेशी काहीही संबंध नव्हता. आणि ज्या एका शब्दात थंडीचा मागमूस नव्हता, तो ‘पार्की’, तेवढाच खरा हवेबद्दल होता. ब्रिटिश बोलीत पार्की म्हणजे गार, अंगाला झोंबणारं. ‘पॅक अप’ हेही तिकडचं रोजच्या वापरातलं: यंत्र ‘पॅक अप’ झालं म्हणजे बंद पडलं. राहिलं ‘वर्स लक’. वाक्याच्या शेवटी ‘काय करणार, नशीबच नाही!’ अशा सुरात ते जोडतात. बर्फ पडला असता तर बरं झालं असतं, असं बिचाऱ्या मॅनेजरला म्हणायचं होतं. धमकीबिमकी काही नव्हती.

माझा तक्ता

इथे माझी चूक सांगायला हवी.

नोव्हेंबरात मी सगळ्या वर्गाला एक तक्ता दिला होता. ‘हिवाळा आणि नाताळ: 60 शब्द व वाक्प्रचार’. दोन रकाने, डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. वर कोपऱ्यात हिमकणाचं चित्रही चिकटवलं होतं. त्या तक्त्यात ‘स्नोड अंडर’ होतं! अर्थ लिहिला होता ‘कामाच्या ओझ्याखाली दबलेला’. आणि चाचणीत या बाईंनी तो बरोबर लिहिला होता.

तरीही खरा मेसेज समोर आल्यावर त्यांना बर्फच दिसला. का? कारण तक्त्याने शब्दांचे अर्थ दिले, पण त्याहून पक्की एक गोष्ट डोक्यात बसवली, ती म्हणजे हे सगळे शब्द एका घरचे आहेत. स्नो, आइस, फ्रॉस्ट, स्लेज, रॅप अप वॉर्म, ब्रेक द आइस, कोल्ड फीट, सगळे त्या हिमकणाखाली. डिसेंबर महिना, इंग्लंडचा माणूस, स्नो आणि आइस एकाच वाक्यात. तक्त्याचं मथळ्याचं पान उघडलं आणि उजवा रकाना मागे राहिला. ‘रॅप अप’चं तर मीच वाटोळं केलं होतं. तक्त्यात फक्त ‘रॅप अप वॉर्म’, म्हणजे गरम कपडे घाल, एवढंच दिलं होतं. ऑफिसात दहापैकी नऊ वेळा येणारं ‘रॅप अप’, म्हणजे आवरतं घेणं, त्यात नव्हतंच. आणि भेटवस्तू कागदात गुंडाळण्याचं ‘रॅप’ तिसरंच.

असे तक्ते सगळीकडे आहेत, पाठ्यपुस्तकांत, मोबाइलवर, डिसेंबर उजाडला की ढिगाने. ‘विंटर इडियम्स’ म्हणून वीस वाक्प्रचारांची माळ. मला आता वाटतं की वाक्प्रचार शिकवायची याहून उलटी रीत नसेल. ‘ब्रेक द आइस’, म्हणजे अनोळखी माणसांतला संकोच मोडणं, लोक मे महिन्यातही म्हणतात. ‘कोल्ड फीट’, म्हणजे ऐन वेळी धीर सुटणं, लग्नाच्या आदल्या दिवशी येतात, मग तो जुलै का असेना. आपण मराठीत ‘पाण्यात पाहणं’, ‘पाणी पाजणं’, ‘पाणी सोडणं’ हे पाण्याच्या प्रकरणात शिकलो का? द्वेष, पराभव आणि त्याग यांच्या जागी ते आपसूक आले. परक्या माणसाला मात्र तिन्ही एका हंड्यात भरून दिले, तर तहान लागल्यासारखंच वाटणार त्याला.

एकतीस वाक्यं, तीन ढीग

तक्ता मी रद्द केला. पुढच्या तासाला तिला सांगितलं, “गेल्या दोन हिवाळ्यांतल्या तुमच्या कामाच्या मेसेजमधून थंडीचा, बर्फाचा, नाताळचा शब्द असलेली वाक्यं काढून आणा. नावं आणि रकमा खोडून.” एकतीस निघाली. त्यांचे तीन ढीग करायचे ठरले: खरोखर हवा, हवेचा संबंध नाही, आणि सांगता येत नाही.

पहिल्या फेरीत तिसरा ढीग सर्वांत मोठा झाला, सतरा वाक्यांचा. मला ते आवडलं. आठवड्यापूर्वी हीच वाक्यं तिने पहिल्या ढिगात टाकली असती.

मग एकेक वाक्य हातात घेऊन पाहत गेलो, तशा खुणा दिसू लागल्या. पहिली खूण कर्त्याची. इंग्रजीत हवेबद्दल बोलताना वाक्याच्या तोंडी बहुधा ‘इट’ येतं: इट्स स्नोइंग, इट्स फ्रीझिंग. तिथे माणूस किंवा पैसा बसला, ‘वी आर स्नोड अंडर’, ‘द बजेट इज फ्रोझन’, की कान टवकारायचे. (बजेटच्या वाक्यात ती अडलीच नाही. ‘खातं गोठवलं’ आपण मराठीतही म्हणतोच.)

दुसरी खूण क्रियापदामागच्या छोट्या शब्दाची, आणि खरी गंमत इथे आहे. ‘स्नोड अंडर’ म्हणजे कामाखाली दबलेला. पण ‘स्नोड इन’ म्हणजे खरोखरच बर्फामुळे घरात अडकलेला. आणि ‘स्नोड ऑफ’ म्हणजे बर्फामुळे रद्द झालेला सामना, हे ब्रिटिश. एकच स्नो, पण ‘इन’ आणि ‘ऑफ’ला जोडलेला खरा, ‘अंडर’ला जोडलेला खोटा. तळं ‘आइस्ड ओव्हर’ होतं ते खऱ्या बर्फाने, प्रकल्प ‘ऑन आइस’ जातो तो साहेबाच्या सहीने. एखाद्याला बैठकांमधून ‘फ्रीझ आउट’ करतात, म्हणजे मुद्दाम बाहेर ठेवतात, तेव्हा खोलीचं तापमान कितीही असू शकतं. तिने वहीत ‘इन’ आणि ‘अंडर’ लाल पेनाने लिहिले आणि स्नो पेन्सिलने. मी सांगितलं नव्हतं.

तिसरी खूण अगदी बारीक, आणि मराठी माणसाला सर्वांत जड जाणारी, ती म्हणजे ‘अ’, ‘द’ आणि ‘माय’. आपल्याकडे थंडी वाजते, सर्दी होते, माणूस थंड असतो. तिन्ही वेगळे. इंग्रजीत तिन्हींना ‘कोल्ड’. ‘आय ॲम कोल्ड’ म्हणजे मला थंडी वाजतेय. ‘आय हॅव अ कोल्ड’ म्हणजे मला सर्दी झालीय. त्यातला ‘अ’ गळला की वाक्य लंगडतं, आणि तो आपल्याकडून हमखास गळतो. ‘द कोल्ड’ म्हणजे बाहेरची थंडी. ‘शी इज कोल्ड’ मात्र जपून वापरायचं. संदर्भ नसेल तर त्याचा अर्थ ती मायाळू नाही, असाही होतो. तसंच पायांचं. ‘माय फीट आर कोल्ड’ म्हटलं तर मोजे आणून द्यावेत. ‘आय गॉट कोल्ड फीट’ म्हटलं तर मोज्यांनी काही होणार नाही.

मराठी जोड शोधताना एक नियम ठेवला होता. भाषांतर करायचं नाही, फक्त ‘त्या वेळी आपण काय म्हणतो’ एवढं आठवायचं. यात आम्ही दोघी तासन्‌तास रमलो. ‘लेफ्ट आउट इन द कोल्ड’ला ती चटकन म्हणाली, “वाऱ्यावर सोडलं!” यापेक्षा चपखल काय असणार? त्यांनी थंडीत सोडलं, आपण वाऱ्यावर. ‘इट कट्स नो आइस विथ हिम’ म्हणजे त्याच्यापुढे मात्रा चालत नाही. ‘ब्रेक द आइस’साठी कोंडी फोडणं बरंच जवळ जातं, पण आपली कोंडी भांडणाची किंवा वाटाघाटीची असते, त्यांचा बर्फ अनोळखीपणाचा. ‘स्केटिंग ऑन थिन आइस’ला तिने विस्तवाशी खेळ म्हटलं, आणि मग आम्हीच हसलो. धोका तोच, त्यांना पायाखाली बर्फ दिसतो आणि आपल्याला निखारे. ‘हिमनगाचं टोक’ तर आता मराठीच झालंय, कधी आलं ते कळलंही नाही.

‘कोल्ड फीट’पाशी मात्र अडलो. तिने लिहिलं ‘हातपाय गार पडले’. दिसायला जुळी भावंडं. पण हातपाय गार पडतात ते वाईट बातमी ऐकली की, त्या क्षणी. ‘कोल्ड फीट’ येतात ते आधी हो म्हणून बसलेल्याला, ऐन वेळी. घर घ्यायचं ठरलं, बयाणा दिला आणि सहीच्या दिवशी माणूस गायब झाला. त्याला आपण ‘कच खाल्ली’ म्हणतो. शब्द जितके सारखे दिसतात तितकं जास्त जपावं लागतं. ‘थंडा प्रतिसाद’चंही तसंच. आपल्याकडे योजनेला थंडा प्रतिसाद मिळतो, तिथे इंग्रजीत सहसा ‘ल्यूकवॉर्म’ म्हणतात, म्हणजे कोमट! ‘कोल्ड शोल्डर’, म्हणजे तुटकपणा, योजनेला नसतो, माणसाला असतो, आणि मुद्दाम दाखवलेला असतो.

इथे थोडं विषयांतर. ‘कोल्ड शोल्डर’ हा शब्द नकोशा पाहुण्याला शिळं, गार मटण वाढायच्या प्रथेवरून आला अशी गोष्ट तिने कुठेतरी वाचली होती. गोष्ट छान आहे, पण तिला आधार नाही. छापलेला जुना वापर वॉल्टर स्कॉट यांच्या 1816 च्या ‘द अँटिक्वेरी’ या कादंबरीतला आहे आणि तिथे मटणबिटण काही नाही, पाठ फिरवणारा खांदाच आहे. ‘ब्रास मंकी’ म्हणजे कडाक्याची थंडी. त्यामागे जहाजावरच्या तोफगोळ्यांची कथा सांगतात, तीही अशीच रचलेली. वाक्प्रचारांच्या जन्मकथांवर मी आता वर्गात वेळ घालवत नाही. ऐकायला मजा येते आणि वापराला काडीचा उपयोग होत नाही. बाकी ‘ब्रास मंकी’चं पूर्ण रूप जरा चावट आहे, ऐकून समजलं तरी पुरे.

खरी हवा

पहिल्या ढिगात शेवटी नऊच वाक्यं उरली. पण त्यांनीही त्रास दिला, कारण मराठीत स्नो आणि आइस दोन्ही बर्फच. आकाशातून भुरभुरतो तो स्नो, पाणी गोठून घट्ट होतो तो आइस. ‘रस्त्यावर बर्फ आहे’ या वाक्याचं इंग्रजी करताना कुठला ते ठरवावंच लागतं, आणि फरक साधा नाही. स्नोवर पाय रुततो, आइसवर घसरतो. ‘ब्लॅक आइस’ काळा नसतो. तो इतका पातळ आणि पारदर्शक असतो की खालचा डांबरी रस्ता दिसतो, म्हणून जास्त धोक्याचा. गारा म्हणजे हेल, आणि त्या उन्हाळी वादळातही पडतात. गवतावर, काचेवर सकाळी गोठलेला पांढरा थर म्हणजे फ्रॉस्ट, त्याला आपल्याकडे दहिवर असा सुंदर शब्द आहे, हल्ली कोणी वापरत नाही. बर्फ वितळून झालेला राडा म्हणजे स्लश. ‘स्लीट’ ब्रिटनमध्ये म्हणजे पाऊस आणि बर्फ एकत्र, अमेरिकेत म्हणजे बर्फाचे टणक कण. दोन्हीकडचे लोक एकाच बैठकीत असतील तर हवेच्या गप्पांतही गोंधळ उडू शकतो.

‘व्हाइट ख्रिसमस’ ऐकून तिला शुभ्र डोंगर दिसायचे. ब्रिटनच्या हवामान खात्याची, मेट ऑफिसची व्याख्या ऐकून ती चाट पडली. 25 डिसेंबरच्या चोवीस तासांत हिमाचा एक कण पडताना दिसला तरी व्हाइट ख्रिसमस झाला. एकच कण, जमिनीवर काही साठायची अट नाही.

आणि चिली, निपी, पार्की, बिटर, फ्रीझिंग ही चढती भाजणी. आपल्याकडे गारवा, गारठा, कडाका, हुडहुडी असते तशी. ‘फ्रीझिंग’ म्हणजे तापमान शून्याखाली गेलंच असं नाही, ‘गारठलो बुवा’ एवढंच. कोणी ‘बिट निपी, इझंट इट?’ म्हटलं तर ते हवामानाचा अंदाज विचारत नाहीत. ‘इट इज!’ म्हणायचं आणि कामाला लागायचं.

नाताळची वाक्यं

नाताळची वाक्यं थोडीच होती, पण कामाच्या दृष्टीने तीच जास्त महागात पडली असती.

मॅनेजरने कॉल ठेवला होता ‘ख्रिसमस ईव्ह मॉर्निंग’ला. तिला वाटलं चूक झाली, ईव्ह म्हणजे संध्याकाळ ना, मग मॉर्निंग कुठून आलं? आणि संध्याकाळ म्हणजे 25 ची. खरं तर 24 डिसेंबर हा अख्खा दिवस ख्रिसमस ईव्ह, सकाळपासून. मराठी वर्तमानपत्रं ‘नाताळच्या पूर्वसंध्येला’ लिहितात, तेव्हा तो शब्द आपल्याकडे आहे, फक्त आपण त्यातल्या ‘पूर्व’कडे लक्ष देत नाही. 26 तारखेचा ‘बॉक्सिंग डे’ तिने मुष्टियुद्धाशी जोडला होता. बॉक्स म्हणजे इथे बक्षिसीचा डबा. कामगार पोरांना, टपालवाल्यांना नाताळला काही द्यायची ती रीत. सॅम्युएल पीप्स यांच्या रोजनिशीत 1663 च्या डिसेंबरात मोच्याकडच्या पोरांच्या डब्यात काही टाकल्याची नोंद आहे. हिशेबाच्या कामात महत्त्वाचं इतकंच की इंग्लंडमध्ये 25, 26 आणि 1 जानेवारीला बँका बंद. स्कॉटलंडमध्ये 2 जानेवारीलाही.

‘आर यू जॉइनिंग द ख्रिसमस डू?’ या वाक्यावर तिने ‘डू व्हॉट?’ असं विचारलं होतं, गेल्या वर्षी. ब्रिटिश लोक समारंभाला, पार्टीला ‘डू’ म्हणतात. नाम म्हणून. ‘ख्रिसमस जंपर’मधला जंपर म्हणजे स्वेटर. ‘क्रॅकर’ म्हणजे फटाका नव्हे आणि बिस्किटही नव्हे. कागदाची नळी असते, दोघांनी दोन टोकं ओढायची, टप्‌ असा आवाज होतो आणि आतून कागदी मुकुट, एखादी छोटी वस्तू आणि हमखास भिकार असा एक विनोद निघतो. लंडनच्या टॉम स्मिथ या मिठाईवाल्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते काढलं. ‘मिन्स पाय’मध्ये खिमा नसतो, सुकामेवा आणि मसाला असतो, पण जुन्या पद्धतीने केलेल्यात गाईबैलाची चरबी असते. न खाणाऱ्याने विचारून घ्यावं.

वाक्प्रचारांत तिला सर्वांत आवडलं ते ‘टर्कीज व्होटिंग फॉर ख्रिसमस’. नाताळच्या जेवणात टर्कीच कापतात, तेव्हा नाताळ यावा म्हणून मत देणारी टर्की म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारणारी. 1979 च्या मार्चमध्ये ब्रिटिश पंतप्रधान जेम्स कॅलहॅन यांनी अविश्वास ठरावाच्या चर्चेत स्कॉटिश नॅशनल पार्टीला हाच टोला हाणला होता. सरकार 311 विरुद्ध 310 असं एका मताने पडलं. निवडणूक झाली आणि त्या पक्षाच्या अकरापैकी नऊ जागा गेल्या. टर्की खरोखरच कापली गेली. ही गोष्ट मात्र रचलेली नाही, म्हणून मी ती वर्गात अजून सांगते.

तिच्या ढिगातलं ‘डोन्ट लुक अ गिफ्ट हॉर्स इन द माउथ’, म्हणजे भेट मिळालेल्या घोड्याचे दात तपासू नयेत, हे वाक्य मॅनेजरने एका पुरवठादाराने न मागता दिलेल्या सवलतीबद्दल लिहिलं होतं, आणि ती तरीही सवलतीचं कारण शोधत बसली होती. वाचून ती म्हणाली, “अहो मॅडम, ही तर धर्माची गाय आणि दात का गं नाय!” त्यांचा घोडा, आपली गाय, दोघांचेही दात. ते वाक्य तिला पुन्हा शिकवावं लागलं नाही.

पुढचा डिसेंबर

त्या वर्षी तिने शनिवार-रविवार बसून वीस तारखेच्या आत ताळमेळ संपवला. मॅनेजरला तिने सगळं खरं सांगितलं, स्नो कसा वाचला तेही. त्याने हसून पुन्हा अंगठा टाकला.

पुढच्या डिसेंबरात त्याचा मेसेज आला: ‘वी हॅव बीन स्नोड इन सिन्स मंडे.’

तिने मला फोन केला, पण पाठवून झाल्यावर. म्हणाली, “मॅडम, ‘इन’ बघितला आणि मागच्या वर्षीचंच वाक्य पाठवलं. तस्संच. सो सॉरी टू हिअर अबाउट द स्नो, होप द रोड्स क्लिअर सून.”

“आणि काम?”

“थांबवलं नाही. त्याने सांगितलंच नव्हतं थांबवायला.”

मग तिने मला पूर्ण मेसेज पाठवला. सगळं बरोबर होतं, फक्त शेवटच्या ओळीत ‘ॲट ख्रिसमस’च्या जागी ‘इन ख्रिसमस’ होतं. ते अजून सुटलेलं नाही.